क्लच खरंच गेलाय का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्वतः करायची तपासणी

गाडी ओढेना झाली की कोल्हापुरात पहिलं निदान ठरलेलं असतं: ‘क्लच प्लेट गेली असणार.’ शेजारी म्हणतो, मेहुणा म्हणतो, पंपावर हवा भरणारा पोरगाही म्हणतो. कधी ते बरोबर असतं. पण क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. लहान गाडीलाही त्यात जवळजवळ सगळा दिवस जातो आणि मजुरी चांगलीच लागते. शिवाय एकदा गिअरबॉक्स जमिनीवर आला की ‘प्लेट अजून वर्षभर चालली असती’ असं सांगायला कुणी पुढे येत नाही. तेव्हा गॅरेजला जाण्याआधी घरासमोर आणि एका रिकाम्या रस्त्यावर काही गोष्टी स्वतः बघून घ्याव्यात. हत्यारं लागत नाहीत. कान, नाक, डावा पाय आणि डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा) एवढं पुरतं. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांनी आणि जुनी गाडी बघायला निघालेल्यांनी तर हे नक्की करावं.

आधी आत काय आहे ते थोडक्यात. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट बसलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर जोर देतं, दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे बिघाड मुळात दोनच जातीचे: दाबून धरायला हवं तेव्हा प्लेट घसरते, किंवा सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. पहिल्याला स्लिप म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा प्लेटच संपलेली असते. दुसऱ्यात मात्र बरेचदा प्लेट धडधाकट निघते, दोष पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या केबलचा नाहीतर ऑइलचा असतो. हा फरक पक्का लक्षात ठेवलात तर गॅरेजवाल्याशी बोलणंच बदलतं.

पहिलं काम: इंजिन बंद ठेवून पेडल बघा

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून. हसू नका. एकावर एक दोन मॅट टाकलेल्या असतात, वरची पुढे सरकते, पेडल पूर्ण खाली जात नाही आणि गिअर पडताना खरखर वाजतो. मॅट काढून गाडी चालवून बघा.

मग पेडल हाताने हळू दाबा. केबलवाल्या गाडीत (जुन्या मारुती ८०० पासून बऱ्याच लहान गाड्यांत केबलच आहे) सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते, मग स्प्रिंगचा जोर हाताला जाणवतो. किती चाल असावी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळी चाल कमी होत जाते. ती शून्यावर आली की तुम्ही पाय लावलेला नसतानाही बेअरिंग बोटांवर टेकून राहतं आणि प्लेट पूर्ण दाबली जात नाही. अशा वेळी चांगली प्लेटसुद्धा घसरते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट असतो, तो जुळवून घेतला की चाल परत मिळते. काही मिनिटांचं काम. चाल जुळवूनही गाडी घसरत असेल तर मात्र प्लेटचा नंबर लागला.

हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर बॉनेट उघडून ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा आणि क्लचचा डबा एकच असतो. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. पेडलच्या मागे आत ओल दिसते का तेही बघा. पेडल मऊ पडलंय, जमिनीला टेकतंय, आणि चार-पाच वेळा पंप केल्यावर गिअर नीट पडतोय, असं असेल तर आत हवा शिरलीय किंवा सिलिंडरचं सील गेलंय. प्लेटला दोष देण्याआधी हे दुरुस्त व्हायला हवं. आणि डबा एकच असेल तर ब्रेकचं ऑइलही त्याच वाटेने कमी होतंय, त्यामुळे यात दिरंगाई नको.

दुसरं काम: गिअर बंद गाडीत आणि चालू गाडीत

इंजिन बंद असताना क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. लोण्यासारखे नाही, पण विनातक्रार पडायला हवेत. आता गाडी सपाटीवर, पुढेमागे कुणी नाही हे बघून इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बंद गाडीत सहज पडणारा रिव्हर्स चालू गाडीत करकरला, तर प्लेट पूर्ण सुटत नाही असा अर्थ. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल तर तेच. बंद गाडीतही गिअर अडत असेल तर दुखणं क्लचचं नाही. गिअर लिव्हरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स बघायला सांगा.

न सुटणाऱ्या क्लचमागे ताणलेली केबल, हायड्रॉलिकमधली हवा, वाकलेली प्लेट, खराब झालेली प्रेशर प्लेट यांतलं काहीही असू शकतं. तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असू द्या. गॅरेजमध्येही तोच क्रम आग्रहाने मागा.

तिसरं काम: रस्त्यावर घसरण पकडणं

ही खरी परीक्षा. पहाटे गर्दी नसताना शहराबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर जा. महामार्गावर हा प्रयोग करू नका, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचं काय चाललंय ते कळत नाही. गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वर आणा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबा. काटा आणि वेग दोन्ही हळूहळू, जोडीने चढले तर क्लच धरतोय. काटा झटकन हजार-पाचशेने वर गेला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथल्या तिथे, तर प्लेट घसरतेय. आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीत हेच कानाने ओळखायचं.

मोठा गिअर घेण्याचं कारण आहे. वरच्या गिअरमध्ये गाडी ओढायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, तो सगळा जोर प्लेटवर येतो, म्हणून थकलेली प्लेट आधी तिथे हात टेकते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गावात फिरताना तीच गाडी ठणठणीत वाटू शकते. कित्येकांना दुखणं कळतं तेच मुळी पाच माणसं आणि डिकी भरून पन्हाळ्याचा चढ चढताना. म्हणून जुनी गाडी घेत असाल तर विकणाऱ्याने राजारामपुरीच्या गल्लीत मारून दाखवलेल्या फेरीवर भागवू नका. चार माणसं बसवा आणि पन्हाळा नाहीतर जोतिबाच्या रस्त्याला लावा. पन्हाळा शहरापासून जेमतेम २० किलोमीटर, तासाभरात सगळं समजतं. विकणारा नको म्हणाला तरी काहीतरी समजलंच.

इथेच एक फसगत होते. गाडी ओढत नाही, पण काटाही वर जात नाही, अशी तक्रार असेल तर ती क्लचची नव्हे. एअर फिल्टर तुंबला असेल, डिझेल फिल्टर भरला असेल, टर्बोची नळी फाटली असेल, नाहीतर एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून राहिला असेल. इंजिन पळतंय आणि गाडी पळत नाही, तेव्हाच क्लचवर संशय. इंजिनच पळत नसेल तर दुसरीकडे बघा. तसंच काही डिझेल गाड्या कमी आरपीएमवर मेल्यासारख्या असतात आणि टर्बो जागा झाला की उसळतात. तो त्यांचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

रस्त्यावर जाता येत नसेल तर उभ्या गाडीतही एक तपासणी होते. सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक कडक ओढलेला, गाडीच्या पुढे-मागे माणूस नाही. ब्रेकवरही पाय ठेवा. तिसरा गिअर टाका आणि रेस न देता क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडतं. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन आरामात चालूच, तर प्लेट पार संपलीय. हे एकदाच करायचं. मित्रांना दाखवायला पाच वेळा केलंत तर उरलीसुरली प्लेटही तिथेच जळेल. आणि इंजिन बंद पडलं म्हणून प्लेट नवीकोरी आहे असं समजू नका. अर्धवट झिजलेली प्लेट ही परीक्षा पास होते आणि घाटात नापास.

वास आणि आवाज

जळक्या क्लचचा वास एकदा घेतला की विसरत नाही. उग्र, जळलेल्या कागदासारखा, नाकात बसणारा. ब्रेक तापल्यावरही साधारण असाच वास येतो, त्यामुळे नवखे लोक गोंधळतात. सोपी खूण: गगनबावड्याकडे चढताना आला तर बहुधा क्लच, करूळ घाट उतरताना आला तर बहुधा ब्रेक. चढावर रिव्हर्स घेऊन पार्किंग करताना एखाद्या वेळी वास आला तर घाबरू नका, तो हाफ क्लचचा. गाडी थंड होऊ द्या. साध्या रस्त्यावर, साध्या चालवण्यात वास येत असेल तर मात्र वेळ कमी उरलाय.

आवाजाचं गणित गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून सोडवायचं. पेडल दाबल्यावर किणकिण किंवा घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते: रिलीज बेअरिंग. उलट, पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांत: गिअरबॉक्सच्या आतलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्ही कामं वेगळी, खर्च वेगळा. रिलीज बेअरिंग स्वस्त असतं, पण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून बेअरिंगसाठी गाडी खोलायची वेळ आली आणि प्लेट बरीच चाललेली असेल तर सेटच बदलून घेणं शहाणपणाचं.

उचलताना थरथर

क्लच सोडताना गाडी धक्के खात, थडथडत पुढे जाते. प्लेटचं अस्तर जळून काचेसारखं गुळगुळीत झालं, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले, किंवा क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून प्लेटवर आलं की असं होतं. अंगाला तेल लावून आलेल्या पैलवानावर पकड बसत नाही, तीच गत तेलकट प्लेटची. अशा वेळी नुसती नवी प्लेट टाकून उपयोग नाही. सील तसंच राहिलं तर नवीही भिजणार.

पण थरथरीचं आणखी एक साधं कारण असतं: इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं तो रबरी टेकू. त्याचं रबर फाटलं की गाडी उचलताना सगळं इंजिन हलतं आणि क्लच मारतोय असं वाटतं. क्लच खोलण्याआधी माउंटिंग बघितलं का, हे विचारायला लाजू नका.

पेडल जड होणं हीही खूण आहे, फक्त ती हळूहळू येते म्हणून मालकाला जाणवत नाही. महिनाभर गाडी न चालवलेला घरातला दुसरा कुणी बसला की म्हणतो, ‘अरे, किती जड झालाय हा!’ त्याचं ऐका. केबल आत गंजली असेल नाहीतर प्रेशर प्लेट थकली असेल. पेडल अगदी वर आल्यावरच गाडी उचलणं, म्हणजे ‘क्लच वर आलाय’, हे केबलच्या गाडीत झिजेचं चांगलं लक्षण. हायड्रॉलिकमध्ये झीज आपोआप भरून निघते, तिथे फक्त यावर विसंबू नये.

पुरात उभी राहिलेली गाडी

कोल्हापूरला हा मुद्दा वेगळा लिहावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. पाणी गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणात शिरतं, ओसरल्यावर फ्लायव्हील गंजतं आणि प्लेट त्याला चिकटून बसते. मग पेडल दाबलं तरी प्लेट सुटत नाही, एकही गिअर पडत नाही. पावसाळाभर दारात उभ्या ठेवलेल्या गाडीतही कधी असं होतं. प्लेट झिजलेली नसते, नुसती चिकटलेली असते, आणि जाणता मिस्त्री ती काही वेळा गिअरबॉक्स न उतरवताही सोडवतो. ते धक्के देण्याचे प्रकार स्वतः करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर स्टार्टर मारणंही घातक, त्यामुळे बुडालेली गाडी ओढूनच न्यायची.

जुन्या बाजारात अशी गाडी समोर आली तर सीटखालच्या पत्र्यावरचा गंज, कार्पेटचा वास आणि चालू गाडीतला रिव्हर्स, तिन्ही बघा.

क्लच पेडल नाही म्हणून निर्धास्त?

एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत पेडल नसतं, क्लच असतोच. तोच, तसाच झिजणारा. मशिन तो दाबतं एवढाच फरक. चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की हा क्लच सगळ्यात लवकर जळतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला रांगेत अडकलात, किंवा गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे चढावर थांबलात, तर ब्रेक दाबून उभे राहा आणि पुढे गाडीभर अंतर मोकळं झाल्यावरच हला. हाताने गिअर टाकणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त त्यांनी हँडब्रेक वापरावा आणि सपाटीवर डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवावा. याच सवयींमुळे एकाचा क्लच ४० हजार किलोमीटरला जातो आणि दुसऱ्याचा लाखाच्या पुढे चालतो. म्हणून ‘इतके किलोमीटर झाले, आता बदला’ या सल्ल्याला फारसा अर्थ नाही.

बदलायचं ठरलं तर

स्लिप पक्की झाली असेल तर ‘अजून महिनाभर ढकलू’ असं करू नका. घसरणारी प्लेट फ्लायव्हील तापवते, रिव्हेटची डोकी उघडी पडली की ती फ्लायव्हीलवर चर पाडतात, आणि खर्च वाढतो. गॅरेजपर्यंत जाताना कमी रेस, खालचे गिअर, चढ टाळून. घाटात घसरायला लागली तर बाजूला उभी करून थंड होऊ द्या. थोडी पकड आली तरी पुढे चढू नका, मागे फिरा.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा सेट एकत्रच बदला. जुन्या प्रेशर प्लेटवर नवी प्लेट टाकून वाचलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात. काही हायड्रॉलिक गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) आवरणाच्या आतच असतो, तोही याच वेळी. सेट कंपनीचा असो की व्हॅलिओ, लूक, एक्सेडी अशा नावाजलेल्या बनावटीचा, खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बिल घ्या. नकली माल बाजारात भरपूर आहे.

गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्रँकचं मागचं सील, ड्राइव्ह शाफ्टची सील आणि गिअर ऑइल बघून घ्या. फ्लायव्हीलवर चर किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून घ्यावं लागतं, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसलेली माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. मात्र काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, दोन भागांत, मधे स्प्रिंग. त्याला लेथ दाखवायचा नाही. ते खराब असेल तर बदलायचं, आणि ते महाग असतं, म्हणून गाडी खोलण्याआधीच विचारून ठेवा की आपल्या गाडीत कोणतं आहे.

काढलेली जुनी प्लेट मागून घ्या. अस्तर रिव्हेटपर्यंत आलं असेल तर निदान बरोबर होतं. अस्तर जाड आणि कोरडं असेल तर मिस्त्रीला शांतपणे विचारा की मग दोष कशात होता. तेलाने भिजलेली असेल तर सील बदलल्याचं बिलात दिसायला हवं.

पैसे देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून फेरी मारा. रिव्हर्स न करकरता पडतो का, चौथ्या गिअरमध्ये काटा आणि वेग जोडीने चढतात का, न्यूट्रलमध्ये पेडल दाबून-सोडून आवाज येतो का, एवढं बघा. एएमटी असेल तर नव्या क्लचची जुळणी स्कॅनरवर करून दिलीय का हे विचारा. ती न करता गाडी दिली तर नवा क्लचही झटके देतो. पहिले काहीशे किलोमीटर हळू चालवा, अस्तर बसायला तेवढा वेळ लागतो. पन्हाळ्याला सगळं घर घेऊन जायचा बेत त्या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात.